'फ्रॉड झाला' म्हणजे नेमकं काय झालं?

1860 च्या भारतीय दंड संहितेत 25 वं कलम 'कपटाने' या शब्दाची व्याख्या करण्यासाठी होतं. ती अशी: कपट करण्याच्या हेतूने एखादी गोष्ट केली, तर ती कपटाने केली असं म्हणतात, एरवी म्हणत नाहीत. संपलं कलम. याच संहितेने चोरी समजावून सांगायला सोळा उदाहरणं दिली होती, दुसऱ्याचं झाड तोडण्यापासून कुत्र्याला आमिष दाखवून नेण्यापर्यंत. कपटापाशी मात्र लेखणी स्वतःभोवती एक गिरकी घेऊन थांबली. 1 जुलै 2024 ला ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, पण गिरकी तशीच राहिली.

यात मसुदाकाराचा आळस असेल असं वाटत नाही. मुळात इंग्रजी 'फ्रॉड' या शब्दालाच दोन पाय आहेत, एक कपटाचा आणि एक हानीचा. दोन्ही टेकले तरच तो उभा राहतो. आपण हल्ली त्याला एका पायावर नाचवतो. मागवलेली वस्तू हलकी निघाली, फ्रॉड. हवामानाचा अंदाज चुकला, फ्रॉड. कुणी शब्द दिला आणि पाळला नाही, फ्रॉड. अमका 'एक नंबरचा फ्रॉड' आहे म्हणजे तो करतो काय, असं विचारलं तर उत्तर येतं, "अहो, नुसता बोलतो." माझं म्हणणं एवढंच की हा शब्द काढताना हात आखडता घ्यावा. शब्द परका आहे म्हणून नव्हे. तो आता घरचाच झाला आहे. ज्याचं खरोखर कपटाने नुकसान झालं, त्याच्या तक्रारीला या सैलपणाची किंमत मोजावी लागते, म्हणून.

शब्द निघाला लॅटिनमधून. मूळ रूप 'फ्राउस'. रोमच्या सगळ्यात जुन्या लेखी कायद्यात, म्हणजे इ.स.पू. 450 च्या सुमाराच्या बारा पट्टिकांत, तो एका अंगावर काटा आणणाऱ्या वाक्यात भेटतो. कर्ज बुडवलेल्या ऋणकोला सावकारांनी तिसऱ्या बाजाराच्या दिवशी कापून वाटून घ्यावं. कुणी जास्त कापलं, कुणी कमी कापलं, तरी त्यात 'फ्राउस' नाही. कापायचा देह की मालमत्ता, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. आपल्याला महत्त्वाचा आहे तो शेवटचा शब्द. इथे कुणी कुणाला फसवत नाही, सगळं उघड्यावर चाललं आहे. 'फ्राउस नाही' याचा अर्थ दोष लागणार नाही, अंगाशी येणार नाही. म्हणजे शब्दाचा जुना अर्थ हानी, दोष आणि त्याबद्दलची शिक्षा असा होता. कपट त्यात अजून शिरलेलं नव्हतं.

त्याच पट्टिकांत आणखी एक वाक्य आहे: आश्रयदात्याने आपल्या आश्रिताशी 'फ्राउस' केलं, तर तो शापित समजावा. इथे अर्थ सरकताना दिसतो. हानी आहेच, पण ती करणारा तोच आहे ज्याच्यावर भरवसा ठेवला होता. पुढच्या तीन-चारशे वर्षांत शब्द परिणामाकडून पद्धतीकडे गेला. इ.स.पू. पहिल्या शतकात रोमन वक्ता सिसेरो लिहितो तेव्हा 'फ्राउस' थेट बळजबरीच्या शेजारी बसलेला आहे: बळजबरी सिंहाची, 'फ्राउस' कोल्ह्याची, दोन्ही माणसाला न शोभणारी, पण दुसरी जास्त तिरस्करणीय.

निव्वळ कपटासाठी रोमन वकिलांकडे वेगळा पारिभाषिक शब्द होता, 'डोलुस मालुस', शब्दशः 'वाईट चलाखी'. 'वाईट' हे विशेषण त्यांना जोडावं लागलं, कारण चांगली चलाखीही असते असं ते मानत. शत्रूला किंवा दरोडेखोराला चकवणं हा काही गुन्हा नव्हे. इ.स.पू. 66 मध्ये अक्विलियुस गालुस या न्यायाधिकाऱ्याने या वाईट चलाखीसाठी दाव्याचा स्वतंत्र नमुना घालून दिला. ती चलाखी म्हणजे काय असं विचारल्यावर त्याने दिलेलं उत्तर सिसेरोने नोंदवून ठेवलं आहे: दाखवायचं एक आणि करायचं दुसरं. दोन हजार वर्षांत याहून आटोपशीर व्याख्या झाली असेल असं मला वाटत नाही.

जुन्या फ्रेंचमधून चौदाव्या शतकात शब्द इंग्रजीत आला, आणि येताना दोन्ही अर्थ बरोबर घेऊन आला. तिथून आपल्याकडे.

आपल्याकडे तो आला तेव्हा घर रिकामं नव्हतं. मराठीत या गोष्टीसाठी इतके शब्द आहेत की कधी कधी संकोच वाटावा. आणि ते नुसते समानार्थी नाहीत, प्रत्येकाची नजर वेगळ्या जागेवर आहे. 'फसवणूक' फसलेल्याकडे बघते. मूळ क्रियापद 'फसणे', म्हणजे अडकणे, रुतणे. पाय फसतो, बेत फसतो, आणि माणूसही फसतो. 'ठग' कृतीकडे बघतो. तो संस्कृत 'स्थग्' धातूवरून आला, अर्थ झाकणे. (हाच शब्द पुढे इंग्रजीत 'थग' होऊन गुंडगिरीकडे वळला आणि त्यातली झाकपाक हरवली.) 'विश्वासघात' नात्याकडे बघतो, 'बनावट' कागदाकडे, 'तोतयेगिरी' चेहऱ्याकडे, 'अपहार' मालाकडे. 'दगा' फारसीतून आला आणि त्यात वेळ साधण्याचा भाव आहे; दगा ऐनवेळी होतो.

'अफरातफर' तर पाहण्यासारखा आहे. अरबी 'इफ्रात' म्हणजे अती आणि 'तफ्रीत' म्हणजे कमी. ही जोडी फारसीवाटे इकडे आली. हिंदीत तिचा अर्थ धांदल, पळापळ असा झाला. मराठीने मात्र ते जास्त-कमी उचलून थेट हिशेबाच्या वहीत नेऊन ठेवलं. 'फ्रॉड' म्हटल्यावर जो गुन्हा धूसर दिसतो, तो 'अफरातफर' म्हटल्यावर लगेच दिसतो: पैसा हातात सोपवलेला होता, आणि वहीत आकडे हलवून तो काढला गेला.

आणि 'द्रोह'. संस्कृत 'द्रुह्' म्हणजे अपकार करू पाहणे, दगलबाजी करणे. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातला 'द्रुज्' म्हणजे असत्य, प्राचीन फारसीतला 'द्रौग' म्हणजे खोटं, आणि जर्मन भाषेत फ्रॉडसाठी आजही रोजच्या वापरात असलेला 'बेत्रूक', हे सगळे एकाच मुळाचे फाटे आहेत. इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावर दारयवहुश (डरायस) राजाने इ.स.पू. 520 च्या सुमारास कोरून घेतलेल्या लेखात बंडखोरांची यादी आहे, आणि प्रत्येकाचा गुन्हा एकाच साच्यात सांगितला आहे: हा खोटं बोलला, म्हणाला, मी अमका राजा आहे. पहिलाच आरोप गौमातावर, की तो 'मी राजपुत्र बर्दिय' असं खोटंच म्हणाला. मराठी वाचकाला त्यासाठी टीपेची गरज नाही. पानिपतानंतरच्या तोतयाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. अर्थात, लेख कोरवणारा दारयवहुश स्वतः खरं बोलत होता का, यावर इतिहासकारांना दाट शंका आहे. दुसऱ्याला खोटारडा ठरवण्याची सोय जेत्याकडे असते, हेही त्या कड्यावर कोरलेलंच आहे म्हणायचं.

आता 'घोटाळा' घ्या. 'पत्त्याचा घोटाळा झाला' यात कुणावर आरोप नाही. गोंधळ झाला एवढंच. तोच शब्द मथळ्यात आला की कोट्यवधींचा गैरव्यवहार होतो. म्हणजे 'घोटाळा' हेतूबद्दल मौन पाळतो, आणि ते मौन कित्येकदा उपयोगाचं असतं. हिशेब जुळत नाही एवढंच कळलेलं असतं, कुणी मुद्दाम केलं की नजरचुकीने झालं हे ठरायचं असतं, तेव्हा 'घोटाळा' हाच प्रामाणिक शब्द. लेखापरीक्षणाच्या आंतरराष्ट्रीय मानकांतही चूक आणि फ्रॉड यांच्यातली भिंत एकच आहे: कृती हेतुपुरस्सर होती की नव्हती. 'फ्रॉड' म्हणायचं तर भिंतीच्या त्या बाजूचा पुरावा हातात हवा.

हेतू दिसत नाही, तर तो सिद्ध कसा करायचा? कायद्याने यासाठी जी कारागिरी केली आहे ती बघण्यासारखी आहे.

1601 सालचा इंग्लंडमधला ट्वाइनचा खटला. पियर्स नावाच्या माणसावर दोघांचं कर्ज: ट्वाइनचे 400 पौंड, दुसऱ्या एकाचे 200. दुसऱ्याने दावा लावला. दावा चालू असताना पियर्सने आपली सगळी चीजवस्तू, सुमारे 300 पौंडांची, गुपचूप ट्वाइनच्या नावे करून दिली, त्याचं कर्ज फिटलं म्हणून. वरकरणी यात काय चूक? कर्ज खरंच होतं. पण माल पियर्सच्याच ताब्यात राहिला. त्याने त्यातला काही विकला, मेंढ्यांची लोकर कातरली आणि त्यांच्यावर स्वतःचीच खूण उमटवली. न्यायालयाने पियर्सच्या मनात शिरायचा प्रयत्न केला नाही. त्याने खुणा मोजल्या: देणगी सरसकट सगळ्याची होती, अंगावरचे कपडेसुद्धा न वगळता, ताबा सुटला नव्हता, व्यवहार गुप्त होता, दावा चालू असताना झाला, दोघांत आतून समझोता होता, आणि सहावी खूण सगळ्यात मासलेवाईक. दस्तात लिहिलं होतं की ही देणगी प्रामाणिकपणे, खरेपणाने आणि सद्भावनेने केली आहे. न्यायालय म्हणालं, नेहमी नसणारी कलमं संशयच वाढवतात. खरं आहे. सरळ व्यवहाराच्या कागदावर 'हा व्यवहार सरळ आहे' असं कुणी लिहीत नाही. आजही शंभर टक्के हमी, नोंदणी क्रमांक आणि शिक्क्याचं चित्र, असं सगळं एकाच पानावर दाटीवाटीने आलं की ही सहावी खूण आठवावी.

हेतूची दुसरी पायरी 1889 ची, डेरी विरुद्ध पीक. प्लिमथ भागातल्या एका ट्राम कंपनीने माहितीपत्रकात छापलं की आम्हाला घोड्यांऐवजी वाफेवर ट्राम चालवण्याचा हक्क आहे. हक्क होता, पण सरकारच्या व्यापार मंडळाच्या संमतीच्या अटीवर. संमती मिळणारच असं संचालक धरून चालले होते. मिळाली नाही. कंपनी बुडाली, माहितीपत्रक वाचून तिचे शेअर घेतलेल्या पीक यांचे पैसे गेले. विधान खोटं, नुकसान खरं. तरी तेव्हा तिथलं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की हे फ्रॉड नाही, कारण संचालकांचा त्या विधानावर प्रामाणिक विश्वास होता. त्यातले एक न्यायाधीश लॉर्ड हर्शेल यांनी तेव्हा आखलेली रेषा आजही वापरात आहे: खोटं असल्याचं माहीत असून केलेलं विधान, खरेपणावर विश्वास नसताना केलेलं विधान, किंवा खरं की खोटं याची पर्वाच न करता ठोकून दिलेलं विधान, या तिन्हींपैकी एक असेल तर फ्रॉड.

इथे रास्त आक्षेप येतो. शब्द एवढा अरुंद केला की 'मला खरंच वाटलं होतं' म्हणून प्रत्येक लबाड सुटेल. भीती खोटी नाही. पण तिसरा प्रकार पुन्हा वाचावा: पर्वा न करणाराही त्यात सापडतो. आणि पीक यांचं काय, तर त्यांच्यासारख्यांसाठी दुसऱ्याच वर्षी, 1890 मध्ये, संचालकांच्या जबाबदारीचा वेगळा कायदा झाला. माहितीपत्रकातलं विधान खोटं निघालं, तर त्यावर विश्वास ठेवायला आपल्याकडे सबळ आधार होता हे संचालकाने दाखवावं, नाहीतर भरपाई द्यावी. फ्रॉडचा अर्थ ताणून निष्काळजीपणा त्यात कोंबला नाही. निष्काळजीपणाला त्याचं स्वतःचं नाव आणि स्वतःचा इलाज दिला. मला ही रीत जास्त शहाणपणाची वाटते. हलगर्जीपणा करणाऱ्याला फ्रॉड म्हटलं, की तो हेतू नव्हता एवढं दाखवून मोकळा होतो, आणि हलगर्जीपणाबद्दल त्याला जाब विचारायचा राहूनच जातो.

उलट बाजूही आहे: कपट आहे, पण हानी नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1962 सालचा एक निकाल यासाठी वाचावा. एका डॉक्टरबाईंनी स्वतःच्या पैशाने मोटार घेतली, पण लहान मुलीच्या नावावर. विम्याच्या कागदांवर आणि दाव्यांवर त्यांनी मुलीच्या नावाने सह्या केल्या. खालच्या न्यायालयाने बनावट दस्तऐवजाबद्दल दोषी धरलं. सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. फसवलं हे मान्य. पण त्यातून बाईंना काही जादा मिळालं नाही आणि विमा कंपनीचं काही गेलं नाही, जाण्याची शक्यताही नव्हती, कारण खऱ्या नावाने दावा केला असता तरी तेवढीच रक्कम द्यावी लागली असती. कलम 25 च्या त्या गोल व्याख्येला असा अखेर अर्थ मिळाला: कपट अधिक हानी, किंवा निदान हानीचा संभव. ही हानी पैशाचीच हवी असं नाही. शरीर, मन, लौकिक, सगळं त्यात येतं.

म्हणून 'खोटं बोलला' आणि 'फ्रॉड केला' ही दोन वाक्यं एक नाहीत.

मग गप्प बसणं? 1872 च्या करार कायद्याचं 17 वं कलम याबद्दल घोड्याची उदाहरणं देतं, आणि ती पाठ करण्याच्या लायकीची आहेत. लिलावात घोडा विकणाऱ्याला माहीत आहे की घोड्यात खोड आहे. तो काही बोलत नाही. हे फ्रॉड नाही. घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. आणि घेणारा म्हणाला, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालतो," आणि विकणारा तरीही गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्याच्याच बरोबरीचं. हे तिसरं उदाहरण म्हणजे ग्राहकाच्या हातात दिलेलं हत्यार आहे. जुनी गाडी, जागा, यंत्र, काहीही घेताना एक संदेश लेखी पाठवावा: यावर कर्ज नाही, अपघात झालेला नाही, वाद नाही, असं मी धरून चाललो आहे, तसं नसेल तर कळवा. उत्तर आलं तर विधान मिळालं. नाही आलं तर घोडा मिळाला.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती दिलेल्या शब्दाबाबत. आगाऊ रक्कम घेतली आणि काम केलं नाही, हे फ्रॉड की नुसता करारभंग? उत्तर एका प्रश्नावर अवलंबून आहे: हेतू केव्हाचा? पैसे घेतानाच काम करायचं नव्हतं, तर फ्रॉड. तेव्हा करायचं होतं, नंतर जमलं नाही किंवा मन फिरलं, तर करारभंग. 1885 मध्ये इंग्लंडचे न्यायमूर्ती बोवेन म्हणाले होते की माणसाच्या मनाची अवस्था ही त्याच्या पचनाच्या अवस्थेइतकीच वस्तुस्थिती असते. सिद्ध करणं कठीण, पण असते. न्यू यॉर्कमध्ये 1849 साली पकडलेला विल्यम थॉम्प्सन अनोळखी गृहस्थांना गोड बोलून विचारायचा, उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्याकडे ठेवाल एवढा भरवसा आहे का माझ्यावर? लोक द्यायचे. वर्तमानपत्रांनी त्याला 'भरवशाचा माणूस' म्हटलं आणि इंग्रजीतला 'कॉन मॅन' तिथून आला. त्याच्या प्रश्नात वस्तूबद्दल, किमतीबद्दल एकही खोटा शब्द नाही. खोटं फक्त मनात होतं.

तो मनातला काळ बाहेरच्या खुणांवरून ठरवतात. तीच वस्तू त्याच आठवड्यात आणखी कुणाला विकली होती का? दिलेला पत्ता तेव्हा खरा होता का? धनादेश दिला तेव्हा खातं आधीच बंद होतं का? काम करायला लागणारा माल, माणसं, परवाना, यांतलं काहीही त्याच्याकडे त्या दिवशी होतं का? याउलट काम सुरू झालं, अर्धं झालं, उशिराची कारणं लेखी कळवली, थोडे पैसे परत केले, हे सगळं करारभंगाच्या बाजूला झुकतं. अपवाद एक, आणि तो मोठा: सुरुवातीला पैसे परत मिळाले म्हणजे हेतू चांगला होता, हे गृहीत धरू नये. 1920 मध्ये चार्ल्स पोन्झी 45 दिवसांत 50 टक्के देण्याचं सांगत होता आणि पहिल्यांना देतही होता, मागून येणाऱ्यांच्या पैशांतून. तिथे परतफेड हाच कपटाचा अवयव होता.

बँकेच्या व्यवहारांत तर 'फ्रॉड' हा शब्द दोन अगदी वेगळ्या घटना एकाच पोत्यात भरतो. एक, माझ्या परवानगीशिवाय माझ्या खात्यातून पैसे गेले: कार्डाची नक्कल झाली, यंत्रणेत कुणी शिरलं. दुसरी, कुणीतरी पोलीस, अधिकारी किंवा नातेवाईक असल्याचं सोंग घेतलं आणि मी माझ्या हाताने पैसे पाठवले. पहिलीत माझी फसवणूक झालेलीच नाही. मला पत्ताच नव्हता. दुसरीत चोरी नाही. दार मी उघडलं. भरपाईचे नियम याच फटीवर उभे आहेत. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाने पहिल्या प्रकारात, दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही असं असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर शून्य जबाबदारी ठेवली. ग्राहकाने स्वतः गुप्त क्रमांक सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. ब्रिटनने 7 ऑक्टोबर 2024 पासून दुसऱ्या प्रकारालाही भरपाई लागू केली, 85,000 पौंडांपर्यंत. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच: पैसे पाठवले कुणी? 'फ्रॉड झाला' या उत्तरातून तो सुटत नाही.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. 'फ्रॉड झाला' हे वाक्य लोकांच्या तोंडी बसलं त्याला कारण आहे. 'मी फसलो' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हलकंसं हसू येतं. टोपी घातली, शेंडी लावली, गंडवलं, चुना लावला, तोंडाला पानं पुसली, हे आपले सगळे वाक्प्रचार फसलेल्याला थोडं मूर्ख ठरवूनच बोलतात. 'माझ्याबरोबर फ्रॉड झाला' म्हणताना ती लाज गळून पडते. अपघात झाला, आजार झाला, तसा फ्रॉड झाला. घरच्यांना सांगायला, पोलिसांपर्यंत जायला या शब्दाने कित्येकांना बळ दिलं असणार. ते त्यांच्याकडून काढून घ्यावं असं मी म्हणणार नाही. घरात सांगताना अवश्य तसंच सांगावं. मात्र या वाक्यात करणारा कुणी नाही. 'फसलो'मध्ये निदान मी असतो, 'फसवलं'मध्ये तो असतो. 'फ्रॉड झाला'मध्ये कुणीच नसतं, आणि तक्रार तर कुणाविरुद्ध तरी करायची असते.

न्यायालयं म्हणूनच तपशील मागतात. आपल्या 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत सहाव्या आदेशाचा चौथा नियम सांगतो की फ्रॉडचा आरोप करायचा असेल तर तपशील द्यावा, गरज असेल तिथे तारखा आणि बाबींसह. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांचा नियम 9 हेच म्हणतो. नुसता 'फ्रॉड' हा शब्द दहा वेळा लिहिलेला अर्ज आणि एकदाही न लिहिलेला पण तपशिलाचा अर्ज यांत दुसराच टिकतो. त्यात सहा गोष्टी लागतात: कोण बोललं, केव्हा आणि कोणत्या माध्यमातून, नेमके शब्द काय, ते खोटे होते हे त्याला माहीत होतं असं कशावरून, त्यावर विसंबून मी काय केलं, आणि माझं काय गेलं. चौथी गोष्ट बहुतेकांची राहून जाते. पाचवीही पुष्कळदा कच्ची असते, कारण लोक नुकसान सांगतात, पण त्या शब्दांमुळेच आपण पाऊल उचललं हा धागा जोडत नाहीत. ते विधान ऐकायच्या आधीच पैसे दिले असतील, तर विधान कितीही खोटं असलं तरी त्याने काही घडवलेलं नसतं.

म्हणजे 'माझ्याबरोबर ऑनलाइन फ्रॉड झाला असून कारवाई व्हावी' याऐवजी कागदावर असं उतरावं: 'अमुक तारखेला दुपारी अमुक क्रमांकावरून फोन आला. बोलणाऱ्याने आपण वीज कंपनीचे अधिकारी असल्याचं सांगितलं आणि थकबाकी भरली नाही तर रात्री वीज तोडू, असं म्हटलं. माझी थकबाकी नव्हती. कंपनीची त्याच महिन्याची पावती जोडली आहे. ते खरं मानून मी त्याने पाठवलेलं ॲप उतरवलं आणि त्याने सांगितलेला आकडा टाकला. पुढच्या चार मिनिटांत खात्यातून तीन व्यवहार झाले. त्यांतला पहिला मी केला, उरलेले दोन मी केलेले नाहीत.' यात 'फ्रॉड' हा शब्द कुठेच नाही. शेवटचं वाक्य मात्र दोनदा वाचून मगच सही करावी, कारण पहिला व्यवहार एका नियमात बसतो आणि उरलेले दोन कदाचित दुसऱ्या.